मोकबाईंनी थांबवलेली मुलगी

आमच्या होंगदुनला बदली म्हणजे शिक्षा, असं मास्तरलोक उघडच म्हणायचे. गांगवॉन प्रांतातल्या डोंगरात कोळशाच्या खाणीभोवती वाढलेलं हे गाव. बर्फ पडलं तरी दुपारपर्यंत काळं व्हायचं. चित्रकलेच्या तासाला मुलं ओढा काढायची तर पाणी काळ्या खडूने रंगवायची, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटायचं नाही. बाहेरून आलेला मास्तर पहिल्या हिवाळ्यात खोकायला लागायचा आणि दुसऱ्या हिवाळ्याआधी वशिला लावून खाली सपाटीला निघून जायचा.

मोक इन-सुक बाई गेल्या नाहीत. त्या समुद्राकाठच्या. लग्न केलेलं नव्हतं, तिशी उलटलेली, आवाज घोगरा, आणि चालणं असं की मागून कुणी बोलावतंय आणि पुढे कुणी वाट बघतंय. मी इथलीच. माझे वडील खाणीतच होते, मी दुसरीला शिकवायची आणि माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता.

आमच्याकडे सकाळी कामावर निघालेल्या गड्याच्या वाटेत बाई आडवी गेली तर तो तिथूनच घरी फिरतो, त्या दिवशी खाणीत उतरत नाही. मोकबाईंना हे कोण सांगणार? आल्या आल्याच त्या घाईघाईत रस्ता ओलांडून गेल्या आणि एका म्हाताऱ्या गड्याने भर चौकात त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्यानंतर त्या रोज सकाळची पाळी पुढे जाईपर्यंत कोळशाच्या वखारीच्या भिंतीआड उभ्या राहायच्या. थंडीत, हात काखेत घालून.

मी एकदा म्हटलं, “तुम्ही एवढ्या शिकलेल्या, आणि हे असलं मानता?”

“मी कुठे मानते गं? तो मानतो ना. खाली उतरताना त्याच्या मनात भीती नको.”

त्यांच्या वर्गात साठच्या वर मुलं असायची. एका बाकावर तिघं. वडील रात्रपाळीला असले की घरात दिवसा आवाज करायचा नाही, म्हणून मुलं शाळा सुटली तरी घरी जायला तयार नसायची. मोकबाई त्यांना थांबवून घ्यायच्या. त्यातलीच एक पिलनाम. चौथीत आली तेव्हा तिला स्वतःच्या नावापलीकडे काही वाचता येत नव्हतं. नावाचा अर्थ ‘पुढचा मुलगाच’. मुलगी झाली की आमच्याकडे अशी नावं ठेवायची रीत. पिलनाम हुशार होती असंही नाही, पण चिवट होती. एखादं अक्षर आलं नाही की स्वतःच्याच कपाळावर मारून घ्यायची. मोकबाई तिचा हात धरायच्या आणि म्हणायच्या, “कपाळाचा काय दोष? अक्षरच वाकडं आहे.”

तिला वाचता यायला लागलं त्याची बातमी आम्हाला तिच्या बापाकडून कळली. हाम दोक-बे एका सुट्टीच्या दिवशी शाळेत आला. घासून अंघोळ केलेली, तरी पापण्यांच्या कडेला कोळशाची रेघ राहिलेलीच. हातात कागदात गुंडाळलेलं डुकराचं मटण.

“बाई, खाणीच्या फाटकावर एक पाटी आहे. रोज तिच्याखालून जातो. काय लिहिलंय ते काल पोरीने वाचून दाखवलं.”

“काय लिहिलंय?”

“‘सुखरूप परत या’ म्हणे. मला इतकी वर्षं वाटायचं, ‘उशीर केला तर पगार कापू’ असं असेल.”

मोकबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी ते मटण भाजून खाल्लं. त्या मला म्हणाल्या, “यॉन-जा, आता मला कुणी बढती दिली तरी नको.”

पिलनाम सहावीत होती, वर्ग पुन्हा मोकबाईंकडेच होता, त्या वर्षीच्या नोव्हेंबरातली ही गोष्ट. दुसऱ्या तासाला भोंगा वाजला. पाळी बदलायचा भोंगा एकदा वाजून थांबतो. हा थांबेना. खाणीच्या गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या वर्गातली सात-आठ वर्षांची मुलंसुद्धा बोटांवर मोजायला लागली, या आठवड्यात बाबांची पाळी कोणती. ज्यांचे वडील घरी झोपलेले होते ती मोकळी झाली आणि लगेच ओशाळली. ज्यांचे सकाळच्या पाळीत होते ती गप्प बसली.

आमचे मुख्याध्यापक ना सर, ‘ना’ हे त्यांचं आडनाव, प्रत्येक वर्गाच्या दारात येऊन सांगून गेले. आतला बोगदा बसला आहे, काही माणसं अडकली आहेत, कोण ते माहीत नाही. एकही मूल फाटकाबाहेर सोडायचं नाही. मागच्या अपघातात मुलं खाणीच्या तोंडाशी धावली होती, आणि तिथे त्यांनी जे पाहिलं त्यातून काही जण अजून सावरलेली नव्हती. त्यामुळे सरांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

शेजारच्या वर्गातून मोकबाईंचा आवाज येत होता. थोडा वेळ त्या अपूर्णांक शिकवत राहिल्या. मग तो आवाजही थांबला. मी डोकावले तर त्यांनी बाक भिंतीला लावले होते आणि सगळी मुलं शेगडीभोवती जमिनीवर बसली होती. सकाळच्या पाळीवाली आतल्या बाजूला. पिलनाम मोकबाईंच्या अगदी शेजारी.

“बाई, मी जाऊन येऊ? लांबूनच बघते.”

“सर नाही म्हणालेत.”

“तुम्ही सांगा ना त्यांना.”

मोकबाई खरोखरच सांगायला गेल्या. सर नाही म्हणाले, आणि स्वतः खाणीकडे निघून गेले.

दुपारी शाळेच्या फाटकाशी हाका ऐकू आल्या. “पिलनाम! ए पिलनाम!” हामांच्या शेजारची बाई होती, धावत चढ चढून आलेली, पायात दोन वेगवेगळे जोडे. शिपाई फाटक उघडेना. मोकबाई मुलीला वर्गातच ठेवून एकट्या खाली गेल्या. मी त्यांच्या मागोमाग गेले.

“पिलनामच्या बापाला बाहेर काढलंय,” शेजारीण गजांतून म्हणाली. “पोरीला द्या लवकर.”

“जिवंत आहेत?”

“मला काय माहीत? घोंगडी घातलीये अंगावर.”

“तोंडावरून?”

“अहो, गर्दीत काय दिसतंय. घोंगडी होती एवढं बघितलं नि पळत आले.”

मोकबाईंनी गज धरले. मी त्यांचा चेहरा बघत होते. घोंगडी म्हटल्यावर आमच्या मनात एकच गोष्ट येते. शिपायाला बाजूला सारणं त्यांना अवघड नव्हतं. सर नव्हतेच, आणि शिपाई त्यांना घाबरायचा. पण त्या म्हणाल्या, “नक्की काय ते कळू दे. मी तिला तशी नेणार नाही. तुम्ही जाऊन बघून या, मी इथेच आहे.”

शेजारीण शिव्या देत उतरली. मोकबाई वर आल्या. पिलनाम दारात उभी होती.

“मला हाक मारत होत्या ना?”

“हो.”

“बाबा?”

“बाहेर काढलंय. कसे आहेत ते कळायचंय. तू थोडी थांब.”

ती थांबली. रडली नाही, हट्ट केला नाही. बाई म्हणतात थांब, म्हणून थांबली.

अर्धा तास गेला असेल, ऑफिसातला फोन वाजला. खाणीचा कारकून बोलत होता. हाम दोक-बे शुद्धीवर आहे, गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेतायत, घरच्या माणसांना पाठवा. घोंगडी थंडीसाठी घातली होती.

मोकबाई पिलनामचा हात धरून धावल्या. कोट न घालता, वर्गातल्या सपातांवर. गोठलेल्या उतारावर दोघी पडल्या, उठल्या, पुन्हा धावल्या. खाणीच्या पटांगणात पोचल्या तेव्हा गाडी वळणावरून दिसेनाशी होत होती. हाम दोक-बेच्या बायकोला गाडीत घेतलं होतं. घाट उतरायच्या आत तो गेला.

आमच्याकडे मेलेल्याच्या फोटोपुढे दोनदा डोकं टेकवायचं, घरच्यांना नमस्कार करायचा, मग ते ताट वाढतात. मोकबाई हामांच्या घरी गेल्या. मी बरोबर होते. पिलनामची आई पांढऱ्या कपड्यांत बसली होती, पाठीला तान्ही मुलगी बांधलेली. तिचं नाव मालजा, म्हणजे ‘शेवटची’. मला ताट आलं. मोकबाईंपुढची जागा रिकामीच राहिली. कुणीतरी रश्शाचं भांडं घेऊन पुढे झालं, तशी पिलनामची आई बसल्या जागेवरून म्हणाली, “त्यांना नको.”

मोकबाईंनी भांड्यासाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

“पूर्ण रस्ताभर विचारत होता,” ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. “‘पिलनाम आली का?’ मी म्हणायची, येतेय. परत विचारायचा. शिकलेल्या बाई तुम्ही. कुणी बाप बघायचा आणि कुणी नाही, हेही तुम्हीच ठरवता.”

पिलनाम कोपऱ्यात होती. तिने मोकबाईंकडे पाहिलं नाही.

त्यानंतर ती शाळेत आली नाही. तिच्या आईला कोळसा निवडायच्या शेडमध्ये काम मिळालं, खाणीत नवरा गेलेल्या बाईला मिळतं तसं. पिलनाम घरी मालजाला सांभाळायची. मोकबाई रोज शाळा सुटल्यावर त्या दाराशी जायच्या, हाक मारायच्या, थोडा वेळ थांबून परत फिरायच्या. आत माणसं आहेत हे कळायचं, कारण मालजा रडायची आणि लगेच कुणीतरी तिचं तोंड दाबल्यासारखं रडणं बंद व्हायचं.

गावात बोलणी सुरू झाली. पाण्याच्या नळावर बायका मोकबाईंना जागा द्यायच्या, पण बोलणं थांबवायच्या. कुणीतरी पुन्हा तो जुना विषय काढला, ही बाई आली तेव्हाच वाटेत आडवी गेली होती. ना सर शिक्षकांच्या बैठकीत म्हणाले, “मी असतो तर फाटक उघडलं असतं. नियमाला तारतम्य असतं.” मी उठणार होते. मोकबाईंनी टेबलाखालून माझ्या कोटाची कड धरली. बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, “बोलला का नाहीत? आज्ञा त्यांची होती.”

“फाटक त्यांचं होतं. ‘थांब’ मी म्हटलं.”

त्या जेवेनाशा झाल्या. डबा उघडायच्या, आंबवलेल्या कोबीच्या किमचीचा एक तुकडा तोडायच्या आणि झाकण लावायच्या. शिकवताना मध्येच वाक्य सुटायचं. आणि वर्गाचं दार त्यांनी बंद करणं सोडलं. डिसेंबरची थंडी, शाईच्या बाटल्या गोठायच्या, तरी दार सताड उघडं. मुलं दोन-दोन मोजे घालून यायची, कुणी काही बोलायचं नाही. एक दिवस मीच जाऊन दार ओढून घेतलं. त्या शिकवता शिकवता दारापाशी आल्या आणि पुन्हा उघडून गेल्या.

“पोरं आजारी पडतील,” मी सुट्टीत म्हटलं.

“बाहेरून कुणी हाक मारली तर ऐकू यायला हवी,” त्या म्हणाल्या.

मला त्यांची भीती वाटायला लागली होती. घाटात एक वळण आहे, तिथे कठडा नाही. त्या तिकडे फिरायला जातात असं कळलं, तेव्हा मी माझी गादी त्यांच्या खोलीत नेऊन टाकली. त्यांनी का म्हणून विचारलंही नाही.

हिवाळ्याची सुट्टी लागली आणि बातमी आली की पिलनामला दूर बुसान शहरात पाठवतायत, बुटांच्या कारखान्यात. कुणी ओळखीची बाई तिथे होती. आमच्याकडे शाळेचं वर्ष फेब्रुवारीत संपतं, सहावी पूर्ण व्हायला थोडेच आठवडे उरले होते. मोकबाई दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या, माझी जुनी पॅन्ट मागून घेतली, डोक्याला फडकं बांधलं आणि कोळशाच्या शेडमध्ये गेल्या.

तिथे मशीनच्या फिरत्या पट्ट्यावरून कोळसा सरकत येतो आणि दोन्ही बाजूंनी बायका त्यातले दगड वेचून टाकतात. आवाज इतका की शेजारणीला ओरडून सांगावं लागतं. मुकादमीण आधी हसली. पगार नको म्हणणारं माणूस तिने पाहिलं नव्हतं. मग तिने खांदे उडवले आणि मोकबाईंना पट्ट्यापाशी उभं केलं. त्यांनी जागा निवडली ती पिलनामच्या आईच्या बरोबर समोरची.

पहिल्या दिवशी त्यांची नखं फुटली. पिलनामच्या आईने पट्ट्यावरून नजर उचलली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. हातमोजे मी नेऊन दिले. संध्याकाळी मी त्यांना आणायला जायचे, तेव्हा त्यांचे डोळे आणि दात तेवढे दिसायचे, इथल्या कुठल्याही बाईसारखे. असे बरेच दिवस गेले. शेडमधल्या बायका आधी टोमणे मारायच्या, “बाई, आज कुठला धडा?” पुढे त्याही कंटाळल्या आणि त्यांना गरम पाणी द्यायला लागल्या.

एक दिवस पिलनामची आई पट्ट्यापलीकडून ओरडली, “दगड सुटतायत तुमच्याकडून. नीट बघा.”

मोकबाई नीट बघायला लागल्या.

त्या संध्याकाळी मी पोचले तेव्हा मशीन थांबलं होतं. बाकीच्या बायका गेल्या होत्या. त्या दोघी पट्ट्याच्या दोन बाजूंना उभ्या होत्या.

“मी त्याला म्हटलं होतं, येतेय,” पिलनामची आई म्हणाली. “ती निघाली होती ना? वाटेत होती ना तेव्हा?”

मोकबाईंना ‘हो’ म्हणता आलं असतं. मी तर मनातल्या मनात तेच म्हणत होते.

“नाही. वर्गात होती. मीच थांबवली होती. मला वाटलं, ते गेले आहेत. तिने तसं बघू नये असं वाटलं.”

“खोटं तरी बोलायचंत.”

“तिला विचारलं तर ती खरं सांगेल. मग तुम्हाला दोनदा ऐकावं लागेल.”

पिलनामच्या आईने हातातला दगड पट्ट्यावर आपटला. मग ती खाली बसली आणि रडली. नवरा गेल्यापासून तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. मोकबाई पट्ट्याला वळसा घालून तिच्याजवळ गेल्या नाहीत. होत्या तिथेच खाली बसल्या.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “काय पाहिजे तुम्हाला?”

“सहावी पूर्ण करू दे तिला. मग तुम्ही म्हणाल तिकडे जाऊ दे.”

पिलनाम फेब्रुवारीत शाळेत आली. मागच्या बाकावर बसायची. मोकबाईंनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं शेजारच्या मुलीला सांगायची आणि ती मुलगी मोठ्याने बोलायची. मोकबाई ती उत्तरं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “बरोबर आहे.” निरोपाच्या दिवशी मुलं रांगेने सगळ्या शिक्षकांपुढे वाकत गेली. पिलनाम ना सरांपुढे वाकली, माझ्यापुढे वाकली. मोकबाईंसमोरून सरळ चालत पुढे गेली. मोकबाईंनी मात्र तिच्यासाठी मान लववली.

त्याच आठवड्यात ती बुसानला गेली. दरवर्षी शरदातल्या सणाला घरी यायची, बापाच्या थडग्यावरचं गवत काढायची. शाळेच्या रस्त्याने कधी आली नाही. लोक सांगायचे, कारखान्यात दिवसभर काम करून ती संध्याकाळच्या वर्गाला जाते, पुढे शिकते. मोकबाईंच्या कानावर ते गेलं. त्यांनी काही विचारलं नाही.

बदलीचा हुकूम त्यांना दोनदा आला. दोन्ही वेळा त्या शिक्षण खात्यात जाऊन तो फिरवून आल्या. मी म्हटलं, “का छळता स्वतःला? समुद्राकडे जा की.”

“गेले तर ते म्हणतील, पळाली.”

“कोण म्हणतील?”

“कुणी नाही. मीच.”

त्यानंतर काही वर्षांनी शाळा सुरू व्हायच्या दिवशी पिलनामची आई मालजाचा हात धरून आली. तोवर ती शेडमधली मुकादमीण झाली होती. पहिलीचे दोन वर्ग होते, एक माझा आणि एक मोकबाईंचा. मी म्हटलं, “माझ्याकडे द्या हिला.” कुणालाच अवघड व्हायला नको, एवढंच माझ्या मनात होतं.

“नको,” ती म्हणाली. मग मोकबाईंकडे न बघता तिने मालजाला त्यांच्या बाजूला ढकललं. “यांच्याकडेच. या खोटं सांगत नाहीत.”

मोकबाईंना त्या दिवशी हजेरी घेता येईना. नावं मी वाचली.

मालजा वर्गात एक शब्द बोलायची नाही. घरी म्हणे दिवसभर बडबड, आणि शाळेत तोंड शिवल्यासारखी. मोकबाईंनी एकदा मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून विचारलं, तेव्हा ती कुजबुजली, “ताईने सांगितलंय, तुमच्याशी बोलायचं नाही.”

मोकबाईंनी तिची सुटलेली वेणी बांधून दिली. मग म्हणाल्या, “मग नको बोलूस. ताईचं ऐकावं. फक्त मान हलवत जा, म्हणजे मला कळेल तुला समजलं.”

उन्हाळा गेला, पुन्हा शेगड्या पेटल्या. मालजा मान हलवायची, पाटीवर उत्तरं लिहून दाखवायची. मोकबाई तिला दुसऱ्यांसारखंच रागवायच्या, दुसऱ्यांसारखंच शाबास म्हणायच्या. एक दिवस मी खडू मागायला गेले होते, तेव्हा मागच्या बाकावरून खणखणीत आवाज आला, “बाई, हा सारखा माझी वेणी ओढतोय.”

सगळा वर्ग मागे वळला. मालजाचं तोंड लाल झालं होतं, पण तिने मान खाली घातली नाही.

मोकबाईंनी त्या मुलाला उभं केलं. त्याला काहीतरी रागवायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि मालजाकडेच वळून म्हणाल्या, “काय म्हणालीस? पुन्हा सांग.” तो बिचारा उभाच.